क्रूझला निघण्याआधी जहाजवाल्या चाचांना विचारा

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून होत आले की आमच्या शिक्षक-खोलीत सुट्टीच्या गप्पा सुरू होतात. पूर्वी या गप्पा अजमेर, महाबळेश्वर, फार तर काश्मीरपर्यंत जायच्या. आता त्यांत क्रूझ आली आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीच्या फेऱ्या करू लागलं आणि नाशिकच्या मध्यमवर्गी घरांतही जहाजाचे फोटो दिसू लागले. या सदराच्या वाचक भगिनीही विचारतात : जहाजावर हलाल जेवणाचं काय? नमाज कशी पढायची? उलट्या होतात का? अम्मीला सोबत न्यावं का?

उत्तरांसाठी मी ट्रॅव्हल एजंटकडे गेले नाही. जुन्या नाशकात, कोकणीपुऱ्यात एक बुजुर्ग राहतात. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, वय ऐंशीच्या पुढे. मोहल्ल्यात त्यांना सगळे जहाजवाले चाचा म्हणतात. मुगल लाइनच्या हज-जहाजांवर भंडाऱ्याच्या हाताखाली, म्हणजे स्वयंपाकघरात, त्यांनी बारा-तेरा हंगाम काढले. मुंबई ते जेद्दाह आणि परत, अशा किती फेऱ्या झाल्या हे त्यांनाही मोजता येत नाही.

मुगल लाइन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. १८७७ साली मुंबईत ‘बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ या नावाने सुरू झालेली ही कंपनी पुढे मुगल लाइन झाली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात मिळाली. ‘इस्लामी’, ‘मोहम्मदी’, ‘मुजफ्फरी’, ‘सौदी’, ‘अकबर’ ही तिच्या जहाजांची नावं आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असायची. आज जसं ‘कोणत्या फ्लाइटने?’ विचारतात, तसं तेव्हा ‘कोणत्या जहाजाने?’ विचारत. नाशिकचे हाजी रेल्वेने मुंबईला जात, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि पासपोर्ट, टोचणी, सामान या सगळ्या रांगा संपवून गोदीत पोचत. १९९५ मध्ये हा जलमार्ग बंद झाला.

चाचांना मी क्रूझचं माहितीपत्रक दाखवलं. स्विमिंग पूल, नाटकगृह, मुलांची घसरगुंडी. चष्मा वर करून त्यांनी सगळं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “निघायचं कोणत्या महिन्यात?”

त्यांच्या लेखी बाकी सगळं नंतर. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. क्रूझवाल्याला आपली तारीख निवडता येते, हाजीला येत नव्हती. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हज दरवर्षी मागे सरकत जातो. १९७४-७५ च्या आसपास हज हिवाळ्यात आला, तेव्हा समुद्र तबकासारखा सपाट होता म्हणे. १९९० मध्ये हज जुलैच्या सुरुवातीला होता, म्हणजे जाणारी जहाजं ऐन पावसाळ्याच्या तोंडी निघाली. त्या वर्षी शंभर माणसांचं जेवण शिजवलं तर वीस माणसं जेवायला येत, बाकीची आडवी पडलेली. तेव्हा नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा, पावसाळ्यात स्वस्त तिकीट मिळालं तरी मोहात पडू नका, हा चाचांचा पहिला सल्ला.

दुसरा सल्ला खोलीचा. आपण वरच्या मजल्यावरची, समुद्र दिसणारी खोली मागतो. चाचा म्हणाले, जहाज झोपाळ्यासारखं हलतं, टोकं जास्त, मधला भाग कमी. वर जास्त, खाली कमी. ज्यांना घाटात बस लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. मळमळू लागलं की खोलीत पडून राहू नये, उघड्या डेकवर जाऊन दूर क्षितिजावर नजर ठेवावी. पोट रिकामं ठेवू नये आणि गच्चही भरू नये. फुटाणे, कुरमुरे, कोरडी भाकरी, लिंबाचं लोणचं, तोंडात सुंठेचा तुकडा, एवढ्यावर त्यांच्या काळातल्या कित्येक म्हाताऱ्या जेद्दाहला पोचल्या. एव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर जहाज हलायच्या आधी घ्यावी, मात्र डॉक्टरांना विचारून, कारण तिने झोप येते आणि बीपी-शुगरच्या इतर गोळ्यांशी तिचा मेळ बघावा लागतो.

जेवणाबद्दल चाचांपेक्षा मीच जास्त चौकशी केली, कारण हज-जहाजावर हलालचा प्रश्नच नव्हता. क्रूझवर आहे. ‘सगळं हलालच असतं मॅडम’ हे फोनवरचं वाक्य पुरेसं मानू नका. बुकिंग करताना लेखी विचारा : मांस कुठून येतं, तळणीचं तेल वेगळं आहे का, केक आणि गोड पदार्थांत दारू किंवा जिलेटिन आहे का. खात्री होत नसेल तर शाकाहारी किंवा जैन जेवण नोंदवा, आपल्याकडच्या क्रूझवर त्याची सोय असते. बार असतोच, बहुतेक जहाजांवर कॅसिनोही असतो, तेव्हा खोली त्या मजल्यापासून लांब मागा आणि पॅकेजमध्ये पेयांचे पैसे धरलेत का ते पाहा. जाहिरातीतल्या रकमेवर बंदर-शुल्क, जीएसटी आणि नोकरांची बक्षिशी वेगळी लागते. जहाजावरची सगळी खरेदी एका कार्डावर चढत जाते आणि शेवटच्या दिवशी बिल हातात येतं, म्हणून मुलांच्या हाती ते कार्ड देऊ नका. खुल्या समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवा, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं रोमिंग महिन्याच्या रिचार्जपेक्षा जास्त पडतं. घरात गरोदर बाई असेल तर २४ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या तिला चढू देत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, दूर उभं राहतं आणि लहान बोटीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या अम्मींना हे आधी सांगा, तिथे जाऊन नव्हे. त्या बेटांवर ९५ टक्क्यांहून अधिक वस्ती मुस्लिम आहे, गावोगावी मशिदी आहेत. पर्यटकाच्या कपड्यांत तिथे हिंडताना थोडं भान ठेवलं तर बरं दिसतं.

आता नमाज. इथे चाचा खुलले.

आपण नाशिककर जन्मभर पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून नमाज पढतो. जहाज मुंबईहून निघालं तेव्हाही किब्ला समोर, नाकाच्या दिशेने. अरबी समुद्र ओलांडून एडनच्या जवळ गेलं की तो उजवीकडे, उत्तरेला सरकू लागतो. बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या वाटेतून जहाज लाल समुद्रात शिरतं आणि उत्तरेला वळतं, तेव्हा किब्ला पुन्हा जवळजवळ समोर येतो. जेद्दाहच्या जवळ तो उजव्या हाताला जातो आणि बंदरात उतरून पहिली नमाज पढताना हाजी पूर्वेला तोंड करून उभा असतो. “आमच्या डेकवर दरभंग्याचा एक म्हातारा होता,” चाचा सांगत होते, “जेद्दाहला उतरला आणि रडायलाच लागला. म्हणाला, सत्तर वर्षं मगरिबला सूर्य बुडतो त्या बाजूला सजदा केला, आज सूर्य पाठीमागे बुडतोय. म्हणजे मी खरंच आलो.” मी वर्गात पृथ्वीगोल घेऊन दिशा शिकवते. त्या म्हाताऱ्याला जे कळलं ते गोलावर बोट फिरवून कळत नाही.

घड्याळही तसंच. भारत आणि सौदीच्या वेळेत अडीच तासांचं अंतर. जहाजावर घड्याळ थोडं थोडं मागे करत नेत, त्यामुळे शरीराला कळतही नसे.

क्रूझवाल्यांसाठी हिशेब सोपा आहे. मुंबईहून गोवा-कोचीकडे जाताना जहाज दक्षिणेला जातं, म्हणून किब्ला उजव्या हाताला. परतताना डाव्या हाताला. कोचीपर्यंत खाली गेलात तर तो पश्चिमेपेक्षा बराच उत्तरेकडे कलतो. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी जहाजाच्या आत फसवतं, उघड्या डेकवर जाऊन पाहा किंवा सूर्यावरून ठरवा. शक्य असेल तर उभं राहून पढावं, जहाज हलत असेल आणि पडायची भीती असेल तर बसून. नमाजेत जहाज वळलं आणि कळलं तर आपणही वळावं. कसरबाबत आपल्या शहरात दोन्ही मसलक आहेत. हनफी असाल तर चार रकअतींच्या फर्ज दोन होतात, आणि जहाज ही मुक्कामाची जागा धरत नाहीत, म्हणून कितीही दिवस राहिलात तरी मुसाफिरच. कोकणी घरं शाफई, त्यांना जोहर-असर आणि मगरिब-ईशा एकत्र करण्याची सवलत आहे. तपशील आपल्या आलिमांकडून निघण्याआधीच विचारून घ्या.

वुजूचा प्रश्न आता उरला नाही, खोलीत गोडं पाणी असतं. चाचांच्या काळात गोडं पाणी मोजून मिळे, आंघोळीला खारं. खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून जाणत्या बाया बेसनाची पुडी बांधून आणत. समुद्राच्या पाण्याने वुजू करावी का, हा प्रश्न तर खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनाच विचारला गेला होता. ज्यांच्याकडे प्यायचं पाणी थोडंच असे अशा दर्यावर्दी लोकांनी तो विचारला, आणि त्यांना परवानगी मिळाली.

बायकांनी एवढ्या लांबच्या समुद्रात कशाला जावं, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना मी हजरत उम्मे हराम (रजि.) यांची गोष्ट सांगते. आपल्या उम्मतीतले लोक समुद्रावर स्वार झालेले प्रेषितांनी स्वप्नात पाहिले, तेव्हा या बाईंनी ‘माझ्यासाठी दुआ करा, मीही त्यांच्यात असावी’ अशी विनंती केली. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात त्या सायप्रसच्या मोहिमेत समुद्र ओलांडून गेल्या आणि तिथेच दफन झाल्या. लार्नाका शहराजवळ त्यांची मजार आजही आहे.

जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी भोंगा वाजतो आणि सगळ्यांना लाइफ-जॅकेट घालून ठरलेल्या जागी बोलावतात. फोटो काढायच्या नादात लोक ती कवायत टाळतात. टाळू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले, कोकणातल्या घरांत ती तारीख अजून काढतात. हाजींच्या जहाजांचाही इतिहास धडा देणारा आहे. १८८० मध्ये नऊशेहून अधिक हाजींना घेऊन पिनांगहून जेद्दाहला निघालेलं ‘जेद्दाह’ नावाचं जहाज वादळात गळू लागलं, तर कप्तान आणि गोरे अधिकारी प्रवाशांना सोडून बोटीतून पळाले आणि जहाज बुडालं असं त्यांनी एडनला सांगितलं. हाजी मात्र पाणी उपसत राहिले. दुसऱ्या जहाजाने त्यांना ओढून एडनला आणलं, तेव्हा कप्तानाचं तोंड बघण्यासारखं झालं असेल. जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी याच घटनेवरून सुचलेली आहे. तर भोंगा वाजला की जॅकेट घाला, मुलांचं आपल्या हाताने बांधा आणि आपली बोट कोणत्या बाजूला ते पाहून ठेवा.

इथवरचं कुठल्याही जाणत्या प्रवाशाने सांगितलं असतं. चाचांकडे आणखी काही आहे.

जहाजाने हजला निघणारा माणूस परत येईलच असं धरत नसे. महिनाभर आधीपासून तो दारोदार जाऊन माफी मागायचा. किराणावाल्याची उधारी, भावाकडून घेतलेले पैसे, बायकोचा राहिलेला मेहर, सगळं मिटवायचा. वसीयत लिहायचा. मग चाचा गप्प झाले आणि एका फेरीबद्दल बोलू लागले. खानदेशातलं एक वयस्क जोडपं होतं. एडनच्या अलीकडे बाई रात्रीत गेल्या. डॉक्टरने पाहिलं, सोबतच्या बायकांनी गुस्ल दिला, कफन प्रत्येक हाजी सोबत नेतच असे. फजरनंतर डेकवर जनाज्याची नमाज झाली, इंजिन हळू केलं, पायाशी वजन बांधलं आणि मय्यत समुद्राला दिली. त्यांचे शौहर एक शब्द बोलले नाहीत. दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि चाचांना म्हणाले, “बेटा, ही जागा कोणती? मुलं विचारतील अम्मीला कुठे ठेवलं, तर मी काय सांगू?” चाचा त्यांना वर अधिकाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने नकाशा उघडला आणि एका चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश लिहून दिले. त्या गृहस्थांनी ती चिठ्ठी घडी करून तावीजाच्या चांदीच्या पेटीत ठेवली आणि पुढे एकट्याने हज केला.

चाचांनी स्वतः काय केलं, हे मी विचारलं. एवढ्या फेऱ्यांत त्यांना दोनदा उमरा घडला. हज नाही. हाजींना उतरवलं की जहाज पुढची खेप आणायला परत फिरायचं आणि हजचे दिवस येईपर्यंत ते मुंबईच्या गोदीत किंवा भर समुद्रात असायचे. यलमलमची मीकात जवळ आली की भोंगा वाजे, सारं जहाज एहरामात पांढरं होई, लब्बैकचा आवाज इंजिनाच्या वर चढे, आणि चाचा खाली देगीत चमचा फिरवत असत. त्यांचा हज झाला २००६ मध्ये, चाचींसोबत, विमानाने. एहराम घरूनच बांधून निघाले. मीकात कधी गेली ते केबिनमधल्या घोषणेवरून कळलं, तेव्हा शेजारचा माणूस जेवणाची ताटली मागत होता. “तक्रार नाही,” ते म्हणाले, “पण जहाजात आठ-दहा दिवस माणूस हळूहळू हाजी होत जायचा. विमानात बसला नाशिकवाला आणि उतरला नाशिकवालाच.”

म्हणून ‘हजचं जहाज पुन्हा सुरू व्हावं’ असं कुणी म्हणालं की जुन्या माणसांचे डोळे लकाकतात. २०१८ च्या जानेवारीत सौदी सरकारने जलमार्गाला मान्यता दिल्याचं आपल्या सरकारने जाहीरही केलं होतं. त्याच महिन्यात हजचं विमान-अनुदान बंद झालं, त्यामुळे जहाज म्हणजे गरिबाचा हज असं गणित अनेकांनी मांडलं. मला ते पटत नाही. मुंबई-जेद्दाह हे अंतर सुमारे २,३०० सागरी मैल. ताशी १५ मैलांनी जहाज चाललं तरी साडेसहा दिवस लागतात. नवी वेगवान जहाजं तीन-चार दिवसांत पोचतील, पण त्यांना इंधन तितकंच जास्त लागेल, आणि डेकवर सतरंजी टाकून माणसं नेण्याचे दिवस आता कायद्यानेही गेले. ते तिकीट विमानापेक्षा स्वस्त राहीलच असं नाही. रोजंदारीवरच्या माणसाला वाढीव दिवसांची मजुरी कोण देणार? त्यात २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, त्या वाटेने हजारो वृद्धांना नेण्याची जबाबदारी कोणतं सरकार घेईल? जहाज स्वस्त म्हणून मागू नये. ज्यांना त्या संथ दिवसांसाठीच जायचं आहे, त्यांनी मागावं आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवावी.

क्रूझच्या पैशांत उमरा होतो, असंही कुणीतरी ऐकवेलच. ज्याच्यावर हज फर्ज झालेला आहे त्याने आधी हज करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वर्षभर राबलेल्या बाईला नवऱ्याने आणि मुलांनी तीन दिवस समुद्र दाखवला तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

एक काम मात्र या सुट्टीत करा. ज्यांच्या घरातून १९९५ च्या आधी कुणी हजला गेलं असेल, त्यांनी पेटी उघडून जुना पिलग्रिम पास, जहाजाचं तिकीट, सामानाच्या ट्रंकेवर रंगवलेलं नाव-गाव शोधा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी ‘एचए’ अक्षरं असलेल्या. एखादी कुराणशरीफच्या जुजदानात सापडलीच तर जपून ठेवा. जहाजाचं नाव, साल, सोबत कोण होतं, आणि वाटेत कुणी गेलं असेल तर त्यांचंही नाव एका वहीत लिहून काढा. ज्यांना आठवतं ती माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. लिहिलेलं या मासिकाच्या पत्त्यावर पाठवलंत तर पुढच्या अंकांतून ते टप्प्याटप्प्याने छापण्याचा विचार आहे. खानदेशातल्या ज्या घरात चांदीच्या पेटीत अक्षांश-रेखांशाची एक चिठ्ठी असेल, त्यांनी जरूर लिहावं. चाचांना ती दोन आकड्यांची ओळ आठवत नाही, आणि त्यांना ती हवी आहे.